खोगीर नव्हे, घोडेस्वारी

ग्लिच हा इंटरनेटवरचा खेळ फार गोड होता. अकरा महाकाय जीवांच्या कल्पनेतून साकारलेलं एक जग. त्यात झाडांना थोपटायचं, कोंबडी हलकेच पिळून तिच्याकडून धान्य मिळवायचं, फुलपाखराला मालिश करून त्याचं दूध काढायचं. युद्ध नाही, बंदूक नाही, कुणाला हरवायचं नाही. २७ सप्टेंबर २०११ रोजी तो सर्वांसाठी खुला झाला. ज्यांना आवडला त्यांनी त्याला जीव लावला, पण असे लोक थोडे. बाकीचे आत यायचे आणि इथे नेमकं करायचं काय हे न कळून पाच-दहा मिनिटांत बाहेर पडायचे. शिवाय खेळ फ्लॅश या तेव्हाच्या वेब-तंत्रावर बांधलेला, आणि जग तर फ्लॅश न चालणाऱ्या आयफोनकडे धावत सुटलेलं. दोन महिन्यांतच कंपनीने तो पुन्हा चाचणीच्या अवस्थेत मागे घेतला, वर्षभर डागडुजी केली, आणि ९ डिसेंबर २०१२ला त्याला कायमचं कुलूप लागलं.

हा खेळ बनवणाऱ्या कंपनीचं नाव टायनी स्पेक. खेळ बुडाल्यावर उरलेल्या मूठभर माणसांनी स्लॅक नावाचं, ऑफिसातल्या बोलण्याचालण्यासाठीचं ॲप काढलं. पुण्या-बंगळुरातल्या कित्येक आयटी कंपन्यांत सकाळी लॅपटॉप उघडला की आधी तेच उघडतं. स्लॅकचं स्वतःचं एक ऑफिसही पुढे पुण्यात झालं. २०२०च्या डिसेंबरात सेल्सफोर्स या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने ही कंपनी २७.७ अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं.

ही कथा एरवी 'अपयश ही यशाची पहिली पायरी' या सुविचाराखाली सांगितली जाते. मला तशी सांगण्यात रस नाही. बुडालेले खेळ शेकड्याने असतात, त्यांतून अब्जावधींची ॲपं निघत नाहीत. रस आहे तो एका वेगळ्याच गोष्टीत: त्या छोट्या कंपनीतल्या वागण्याच्या सवयी तिच्या उत्पादनात कशा उतरल्या, आणि प्रॉडक्टची धुरा सांभाळणारा माणूस दिवसभर नेमकं काय सांभाळत असतो. आपल्याकडे स्टार्टअपच्या 'कल्चर'ची चर्चा बीनबॅग, कॅरम आणि शुक्रवारचा पिझ्झा यांपलीकडे सहसा जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीचे प्रमुख स्टुअर्ट बटरफील्ड. जन्म १९७३चा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या लुंड नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातला. आईवडील हिप्पी वळणाचे, त्यांनी मुलाचं नाव ठेवलं होतं धर्म. शाळेत असतानाच मुलाने ते बदलून घेतलं. शिक्षण तत्त्वज्ञानाचं, आधी व्हिक्टोरिया विद्यापीठात आणि मग केंब्रिजला. २००२ साली व्हँकुव्हरमध्ये त्यांनी लुडिकॉर्प ही कंपनी काढली, तीही खेळ बनवण्यासाठीच. सोबत कॅटरिना फेक होत्या. तो खेळ पैशांअभावी रखडला, पण तो बनवताना हाती आलेल्या तंत्रातून २००४ साली फोटो मांडण्याचं फ्लिकर हे संकेतस्थळ जन्मलं. २००५ला याहूने ते विकत घेतलं. २००८ साली याहू सोडताना बटरफील्ड यांनी लिहिलेलं राजीनामापत्र अजून लोक काढून वाचतात: याहू म्हणजे जणू जुना पत्र्याचा कारखाना आणि आपण त्यातले थकलेले पत्रेवाले कारागीर, अशा थाटात ते अख्खं पत्र आहे. पुढच्या वर्षी फ्लिकरमधलेच कॅल हेंडरसन, एरिक कॉस्टेलो आणि सर्गेई मुराशोव्ह यांना बरोबर घेऊन टायनी स्पेक काढली. पुन्हा खेळच. म्हणजे हा गृहस्थ दोनदा खेळ काढायला गेला आणि दोन्ही वेळा दुसरंच काही करून बसला. यातून कुणी धडा काढायला जाऊ नये. योगायोगाचा अभ्यासक्रम होत नाही.

धडा असलाच तर खेळ बंद करण्याच्या पद्धतीत आहे. २०१२च्या नोव्हेंबरपर्यंत गुंतवणूकदारांचे सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर कंपनीत आले होते, आणि खात्यात ५० लाखांच्या आसपास शिल्लक होते. एवढ्या पैशांत आणखी काही महिने सहज ढकलता आले असते. बहुतेक संस्थापक तेच करतात. शेवटच्या पगारापर्यंत आशा दाखवत राहतात आणि एका सोमवारी ऑफिसला कुलूप दिसतं. बटरफील्ड यांनी पैसे हातात असताना थांबायचं ठरवलं. उरलेली रक्कम परत करायची तयारीही दाखवली. गुंतवणूकदारांनी उलट सांगितलं की पैसे ठेवा, दुसरं काही सुचत असेल तर करून बघा.

कर्मचाऱ्यांना ही बातमी सांगायला उभे राहिले तेव्हा पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच आपल्याला रडू कोसळलं, असं त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. समोर एक माणूस बसला होता. त्याला त्यांनीच आग्रह करकरून, लहान मुलीसह, सासरच्या माणसांचा आधार सोडायला लावून नव्या गावात आणलं होतं, आणि त्यालाच आता नोकरी गेली म्हणून सांगायचं होतं. रडणं हा काही व्यवस्थापनाचा गुण नव्हे. त्यानंतर जे केलं ते महत्त्वाचं. ज्यांची नोकरी गेली त्या सर्वांची माहिती, कामाचे नमुने आणि फोटो मांडणारं एक पान कंपनीने स्वतः तयार करून जाहीरपणे लावलं: ही उत्तम माणसं आहेत, घ्या. शिफारसपत्रं लिहिली, ओळखीपाळखीत शब्द टाकले. ज्या खेळाडूंनी पैसे भरले होते त्यांच्यापुढे तीन पर्याय ठेवले: पैसे परत घ्या, एखाद्या धर्मादाय संस्थेला द्या, किंवा आमच्याकडेच राहू द्या. पुढच्या वर्षी खेळातली बहुतेक चित्रं सर्वांना मुक्त वापरासाठी खुली करून टाकली.

हे सगळं भलेपणाचं होतं, पण नुसतं भलेपणाचं नव्हतं. ग्लिचमधल्या संवादांचं आणि गमतीजमतींचं लेखन करणाऱ्या ॲना पिकार्ड पुढे स्लॅकमध्ये आल्या. ते ॲप वापरणाऱ्याशी ज्या मिश्कील, पण लाडिक न होणाऱ्या आवाजात बोलतं तो आवाज घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. निरोप कडू झाला असता तर अशी माणसं परत आली असती का? मला तरी वाटत नाही.

आता स्लॅक कुठून आलं ते पाहू. टायनी स्पेकची माणसं व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क अशी विखुरलेली होती. आपसांत बोलायला ते आयआरसी वापरत. १९८८ साली फिनलंडमध्ये तयार झालेली ही गप्पांची जुनी व्यवस्था प्रोग्रॅमर मंडळींत अजूनही लोकप्रिय होती. तिचा एक मोठा दोष होता. तुम्ही जोडलेले नसताना कुणी काही बोललं तर ते तुमच्यासाठी गेलंच. म्हणून त्यांनी सगळे संदेश साठवून ठेवायची सोय केली. साठले तर शोधताही यायला हवेत, म्हणून सर्च आला. कुणी फाइल चढवली की चॅनेलमध्ये, म्हणजे गटाच्या गप्पांच्या खोलीत, आपोआप सूचना पडू लागली, सर्व्हरवर काही बिघडलं की तेही तिथेच कळू लागलं. कुठलाही आराखडा नाही, बैठक नाही, 'आमची दृष्टी' वगैरे काही नाही. एखादी गोष्ट असह्य झाली की दहा मिनिटं काढून तेवढी दुरुस्त करायची आणि पुन्हा खेळाच्या कामाला लागायचं. साडेतीन वर्षांनी हिशेब केला तर कंपनीत आपसांतली ईमेल जवळजवळ थांबलेली होती. यापुढे कुठलंही काम केलं तरी अशा व्यवस्थेशिवाय करायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग हेच विकायला काय हरकत आहे?

इथे एक खाच आहे. स्वतःसाठी बनवलेली वस्तू स्वतःला नेहमीच बरी वाटते. २०१३च्या वसंतात त्यांनी ओळखीच्या कंपन्यांना अक्षरशः विनवण्या करून ती वापरायला दिली. कोझी आणि रेडिओ या त्यांतल्या सुरुवातीच्या दोन. रेडिओ हे नाव, कंपनी ऑनलाइन संगीत ऐकवणारी. तिथे आधी पाच-सहा जणांनी ॲप वापरलं, मग ते पसरत शंभरावर माणसांच्या अख्ख्या कंपनीत गेलं आणि तिथे ते चांगलंच अडखळलं. आठ जणांत जे चॅनेल सहज सापडतं ते शंभर जणांनी शंभर चॅनेल काढल्यावर सापडत नाही. कुठलं कशासाठी आहे याचं वर्णन लागतं, कोण कोण आत आहे ते दिसावं लागतं. मोठ्या गटातल्या या अडचणी स्वतःच्या ऑफिसात बसून त्यांना कधीच दिसल्या नसत्या. मग आणखी मोठा गट, पुन्हा दुरुस्ती, त्याहून मोठा गट, पुन्हा दुरुस्ती, असं चाललं. १४ ऑगस्ट २०१३ला जाहीर निमंत्रण दिलं तेव्हा पहिल्याच दिवशी ८,००० कंपन्यांनी नावं नोंदवली, पंधरवड्यात आकडा १५,०००वर गेला. तरीही दरवाजा एकदम उघडला नाही. थोड्या थोड्या कंपन्यांना आत घेत, प्रत्येक खेपेला काय बिघडतं ते पाहत, सर्वांसाठी खुलं करायला २०१४चा फेब्रुवारी उजाडला. या मधल्या टप्प्याला त्यांनी 'बीटा' म्हणायचंही टाळलं, कारण बीटा म्हटलं की कच्चा माल असणार असं लोक धरून चालतात.

त्या निमंत्रणाच्या दोन आठवडे आधी, ३१ जुलैला, बटरफील्ड यांनी आपल्या छोट्या टीमला एक लांबलचक टिपण लिहिलं. पुढे ते जाहीर झालं आणि प्रॉडक्टच्या क्षेत्रात त्याची पारायणं झाली. आपण इथे खोगीर विकत नाही, असं त्याचं शीर्षक. त्यातला मुद्दा असा: एखादी कंपनी खोगीर विकते तेव्हा ती चामड्याची प्रत, टाक्यांची सफाई आणि किंमत यांबद्दल बोलू शकते. पण ती घोडेस्वारी विकू लागली तर बाजारच वाढतो. मग घोडा कसा निवडावा, रपेटीला कुठे जावं, मुलांना कसं शिकवावं, हे सगळं तिचं काम होतं. स्लॅक जे देऊ पाहत होतं, गटातला संवाद एकत्र राहणं, जुनं काही शोधलं की सापडणं, ईमेलचा रगाडा कमी होणं, ते आपल्याला हवंय हेच बहुतेक लोकांना माहीत नव्हतं. 'गटासाठी चॅटचं सॉफ्टवेअर द्या' असं म्हणत दारात कुणी येणार नव्हतं. तेव्हा कामाची रीत बदलणं हे खरं विकायचं आहे आणि ॲप हे त्याचं निमित्त.

हे वाचून कुणाला वाटेल की ही जाहिरात विभागाची भाषा झाली. पण त्याच टिपणात एक तपशील आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे. बटरफील्ड आपल्या माणसांना सांगतात, पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्या एखाद्या खऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. त्याला ते वापरायची हौस नाही, साहेबाने सांगितलं म्हणून तो आलाय. सकाळी नाश्ता झालेला नाही, डोकं तडकलेलं आहे, सुट्टीवर जाण्याआधी एक काम संपवायचं आहे. त्याच्या नजरेने पडदा पाहा आणि जे काही नीट चालत नाही ते निष्ठुरपणे शोधून काढा.

प्रॉडक्टच्या माणसाचं निम्मं काम यात आलं. आपण बनवलेली वस्तू आपल्याला इतकी ओळखीची होते की तिच्यातल्या अडचणी दिसेनाशा होतात. बटरफील्ड याला मालकाचा भ्रम म्हणतात. हॉटेलची वेबसाइट माणूस उघडतो ती बंद किती वाजता होतं आणि फोन नंबर काय, एवढं पाहायला. मालकाला मात्र आधी पडदाभर पदार्थांचे फोटो आणि हॉटेलचा इतिहास दाखवायचा असतो. तोच मालक दुसऱ्या हॉटेलची वेबसाइट उघडताना असाच वैतागतो, आणि तरी स्वतःची बदलत नाही.

भ्रम मोडायचा तर ग्राहकाची कुरकुर थेट कानावर पडावी लागते. पहिल्या वर्षी स्लॅकला महिन्याला सुमारे ८,००० तक्रारी-विनंत्या आणि १०,००० ट्वीट येत. प्रत्येकाला उत्तर द्यायचं असा दंडक होता आणि ट्विटरवर कितीतरी वेळा उत्तर देणारे खुद्द बटरफील्ड असत. मदत विभाग हे कंपनीचं मागचं दार मानायची पद्धत सगळीकडे आहे. तिथे कमी पगाराची माणसं बसवतात आणि त्यांना छापील उत्तरं देतात. इथे ते पुढचं दार मानलं गेलं. त्यातून बारीकसारीक बदल निघाले. फोनवर लांबलचक पासवर्ड टाइप करणं म्हणजे छळ, म्हणून ईमेलवर एक दुवा पाठवायचा, तो दाबला की आत. सगळ्यांना हा बदल मोठा वाटणार नाही, पण लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या अंगठ्याने पासवर्ड टाकणाऱ्याला विचारा.

पैशाच्या बाबतीतला एक निर्णय तर व्यवसायाच्या नेहमीच्या गणिताविरुद्ध होता. कंपन्यांना विकलं जाणारं सॉफ्टवेअर माणशी दराने विकतात. शंभर जणांचे पैसे भरायचे, वापरतात साठच. उरलेल्या चाळीस जणांच्या पैशांवर विकणाऱ्याचा नफा उभा असतो, जानेवारीत वर्षाची फी भरून फेब्रुवारीत गायब होणाऱ्यांवर जिम चालते तसा. स्लॅकने ठरवलं की एखाद्या कर्मचाऱ्याने काही दिवस ॲप वापरलंच नाही तर त्याचे पैसे हिशेबातून वळते करायचे, तेही कुणी मागण्याची वाट न पाहता. ग्राहकाला मेल जाई की तुमचे इतके पैसे जमा केले आहेत. ग्लिचच्या खेळाडूंपुढे तीन पर्याय ठेवणाऱ्या कंपनीने हे करावं यात नवल नाही. पण परिणाम पाहा: ॲप कुणी वापरलं नाही तर कंपनीचंच उत्पन्न घटणार, म्हणजे विकून मोकळं व्हायची सोयच उरली नाही. वापर वाढवणं हे प्रॉडक्ट टीमचं काम आणि पैसे मिळवणं हे विक्रीवाल्यांचं, ही नेहमीची फाळणी इथे मिटली.

वापर रुजला हे ओळखायचं कसं, याचा त्यांनी शोधलेला आकडाही साधा होता. एखाद्या गटात २,००० संदेशांची देवाणघेवाण झाली की त्याने ॲप खरोखर वापरून पाहिलं असं धरायचं. तिथवर पोचलेल्या गटांपैकी ९३ टक्के पुढेही वापरत राहिले. मग दहा तक्ते आणि वीस आलेख न मांडता सगळ्या टीमचं लक्ष एकाच प्रश्नावर ठेवता येतं, की नवा गट दोन हजारांपर्यंत कसा पोचेल? खुलं झाल्यावर वर्षभरात रोज वापरणाऱ्यांची संख्या ५ लाखांवर गेली. फीचरची खोगीरभरती करून ती तशी गेली नसती.

स्लॅकमधलं माझं सर्वांत लाडकं पात्र एक कोंबडा आहे. मोठ्या चॅनेलमध्ये सगळ्यांना एकदम हाक मारणारा संदेश लिहायला घेतला की पाठवण्याआधी तो आरवणारा कोंबडा पडद्यावर येतो आणि विचारतो, तुम्ही इतक्या लोकांना, इतक्या वेगवेगळ्या प्रमाणवेळांमध्ये सूचना पाठवणार आहात, नक्की ना? बस, एवढंच. मनाई नाही, परवानगीचा अर्ज नाही, मॅनेजरची मंजुरी नाही. पण सिडनीत कुणाची तरी झोपमोड होणार हे समोर आलं की हात आपोआप थबकतो. ऑफिसात असा संदेश टाकणारा एक तरी महाभाग प्रत्येकाला माहीत असतो. वाढदिवसाच्या केकसाठी पाचशे लोकांना हाक. एचआरने काढलेल्या परिपत्रकाने जे होत नाही ते कोंबडा करतो, कारण तो चूक घडायच्या नेमक्या क्षणी येतो आणि अपमान न करता विचारतो. २०१५च्या डिसेंबरात रात्री दहा ते सकाळी आठ सूचना बंद ठेवायची सोय आली, आणि ती मुळातच चालू करून दिली गेली. ज्याला नको त्याने बंद करावी. सोय असणं आणि ती आधीपासून चालू असणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, कारण सेटिंग बदलायला बहुतेक माणसं कधीच जात नाहीत. उत्पादनाची धुरा म्हणतात ती अशा ठिकाणी हातात असते.

या सौजन्याचं मूळही कंपनीच्या आत होतं. बटरफील्ड व्हँकुव्हरचा एक अनुभव सांगत. तिथे पाऊस फार, फुटपाथ अरुंद. समोरून माणूस आला की आपली छत्री थोडी कलती करायची एवढंच करायचं असतं, पण पुष्कळ लोक करत नाहीत. दुष्टपणे नव्हे, लक्षातच येत नाही. छत्री कलती करणे हा स्लॅकमध्ये रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार झाला. सहानुभूती, सौजन्य, कारागिरी, खेळकरपणा अशी मूल्यांची यादी त्यांच्याकडेही होती, तशी ती सगळीकडेच असते. पण भरतीच्या मुलाखतीत किंवा एखाद्या फीचरवर वाद चालला असताना 'सौजन्य' हा शब्द टेकू देत नाही, छत्री देते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ऑफिसात घोषवाक्य होतं ते मन लावून काम करा आणि घरी जा, असं. रात्री दहापर्यंत ऑफिसात जेवण, झोपायला खोल्या, या सिलिकॉन व्हॅलीतल्या थाटापेक्षा हे बरंच वेगळं.

मात्र हे घर काही नुसतं गोडगोड नव्हतं. २०१४च्या अखेरीस, सगळीकडे कौतुक चाललेलं असताना, एका मुलाखतीत बटरफील्ड म्हणाले की आत्ता आपण जे लोकांना देतोय ते भिकार आहे, त्याची आपल्याला लाज वाटायला हवी. मूळ शब्द याहून बरेच शिवराळ होते. कर्मचाऱ्यांनी ते वाक्य छापून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. हे शक्य होतं कारण प्रमुख आपल्या माणसांना नाही, कामाला नावं ठेवतोय यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास नसताना हीच भाषा वापरणारे साहेबही आपण पाहिलेले असतात. स्टीव्ह जॉब्सची चरित्रं वाचून तेवढाच एक गुण उचलणारे संस्थापक आपल्याकडेही निघालेत, त्यांच्या टीममधल्या मुलांना विचारा.

एक विसंगती मात्र स्लॅकला कधीच सोडवता आली नाही. घरी जा म्हणणाऱ्या कंपनीने बनवलेली वस्तू घरापर्यंत पोचणारी होती. ईमेलचा रगाडा कमी झाला खरा, पण त्याच्या जागी सतत टिकटिकणारे चॅनेल आले. कोंबडा आणि रात्रीची शांतता हे उपाय चांगले, तरी ते मुळाशी जात नाहीत. साहेबाचा संदेश रात्री साडेनऊला आला तर उत्तर न देण्याची हिंमत ॲप कुठून आणणार? फ्रान्सने २०१७पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली त्याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते विधेयकच राहिलं.

आणि मग मायक्रोसॉफ्ट आलं. २ नोव्हेंबर २०१६ रोजी टीम्स या त्यांच्या तशाच ॲपची घोषणा झाली, त्याच दिवशी स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन मायक्रोसॉफ्टचं जाहीर स्वागत केलं आणि वर चार उपदेशाचे बोल सुनावले: हे काम प्रेमाने करावं लागतं वगैरे. मला ती जाहिरात तेव्हाही आगाऊपणाची वाटली होती. टीम्स ऑफिस ३६५च्या वर्गणीतच मिळू लागलं. २०१९च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने रोजचे १ कोटी ३० लाख वापरकर्ते जाहीर केले, स्लॅकचे तेव्हा कोटीभर होते. त्याच्या काही आठवडे आधीच, २० जूनला, स्लॅकचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले होते, जानेवारीत संपलेल्या वर्षातला १३.८९ कोटी डॉलरचा तोटा अंगावर घेऊन. २०२०च्या जुलैत स्लॅकने युरोपीय आयोगाकडे मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रारही केली.

टीम्स वापरायला सरस होतं म्हणून जिंकलं, असं वापरणारे फारसे म्हणत नाहीत. स्लॅकची सारी जडणघडण वापरणाऱ्या माणसाभोवती झाली होती: त्याचा नाश्ता, त्याची झोप, त्याचा अंगठा. मोठ्या कंपनीत मात्र ऑर्डरवर सही करतो तो खरेदी विभाग, आणि त्याच्या टेबलावर टीम्स आधीच भरलेल्या बिलात फुकट येऊन पडलेलं होतं. पाच-सहा जणांनी वापरायला सुरुवात करावी आणि तिथून ते कंपनीभर पसरावं, ही स्लॅकची वाट छोट्या आणि मध्यम कंपन्यांत फार छान चालली. लाखभर कर्मचाऱ्यांच्या बँकेत तसं होत नाही. तिथे वर्षभर फेऱ्या मारणारी विक्रीची फौज लागते, सेल्सफोर्सकडे ती होती. २०२१च्या जुलैत तिच्याशी ठरलेला विक्रीचा व्यवहार पुरा झाला. २०२३च्या जानेवारीत बटरफील्ड बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेल्या लिडियान जोन्स याही वर्षभरात दुसरीकडे गेल्या.

मधल्या काळात, २०२२च्या सप्टेंबरात, स्लॅकने पहिल्यांदाच दर वाढवले आणि फुकट वापरणाऱ्यांचा नियम बदलला. आधी शेवटचे १०,००० संदेश पाहता येत. आता गेल्या ९० दिवसांतलेच दिसू लागले. ज्या छोट्या हौशी गटांमध्ये आठवड्याला चार संदेश पडायचे त्यांची वर्षानुवर्षांची चर्चा एका रात्रीत पडद्याआड गेली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी डिस्कॉर्ड या दुसऱ्या गप्पांच्या ॲपकडे बाडबिस्तरा हलवला. ताळेबंदाच्या दृष्टीने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, कारण हे गट कधी पैसे भरणारे नव्हतेच. पण आयआरसीवर गेलेला संदेश परत सापडत नाही, या एका वैतागातून तर हे सगळं सुरू झालं होतं.